नर्सच्या सहीची चिठ्ठी

औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार आपल्या देशात नोंदणीकृत डॉक्टरकडे आहे. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 1945 चे नियम यांनी ही चौकट आखून दिली. ‘शेड्यूल एच’मधले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली असते. याच नियमांच्या ‘शेड्यूल के’मध्ये मात्र एक सवलत आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सरकारी आरोग्य कार्यक्रमातील औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि उपकेंद्रातल्या नर्स, एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, बहुउद्देशीय कर्मचारी, इतकेच काय अंगणवाडी सेविकासुद्धा विक्रीच्या परवान्याशिवाय लोकांना देऊ शकतात. नर्सने औषध हातात ठेवावे एवढे कायद्याला चालते. कोणते औषध द्यायचे हे तिने ठरवावे आणि तसे लिहून खाली सही करावी, याला मात्र त्यात जागा नाही. योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना आणि मिडवाइफना, ठरावीक औषधांपुरता, स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावच्या सीमाभागात राहणाऱ्या माणसाला या मताची कारणे दूर शोधायला जावे लागत नाही.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर आणावा. कणकुंबी, जांबोटी आणि त्यापलीकडे भीमगडच्या जंगलात असलेली गवाळी, कोंगळा, पास्तोळी ही गावे पावसाळ्यात कित्येक दिवस रस्त्यापासून तुटतात. ओढ्यांना पाणी चढले की आजाऱ्याला खांद्यावरून न्यावे लागते, आणि रुग्णवाहिका जिथवर पोहोचते तिथवर माणसांना चालत जावे लागते. अशा भागात सरकारी आरोग्यसेवेचे जे रूप लोकांना दिसते ते म्हणजे उपकेंद्रातली नर्सबाई. तिच्यासमोर बसलेल्या गरोदर बाईचा रक्तदाब वाढलेला आहे, पायांवर सूज आहे, डोके दुखते आहे. डॉक्टरांना फोन लागला तर ते तोंडी सांगतात आणि ती त्याप्रमाणे करते. फोन लागला नाही, तर आजवर पाहिलेल्या बाळंतपणांच्या आधारावर ती स्वतः ठरवते. दोन्ही वेळा रुग्णाला पाहिलेले, मोजलेले आणि तपासलेले असते ते तिनेच. नोंदवहीत तो निर्णय दुसऱ्याच्या नावावर जातो किंवा कुणाच्याच नावावर जात नाही, आणि काही विपरीत घडले तर चौकशी मात्र तिची होते. निर्णय एकाने घ्यायचा आणि सही दुसऱ्याची असायची, ही रीत रुग्णाच्या हिताची नाही. कारण चूक कुठे झाली हे त्यातून पुढे कधीच नीट कळत नाही.

हा प्रश्न केवळ दयेचा किंवा गैरसोयीचा असता, तर पुराव्याची मागणी करणाऱ्या डॉक्टरांना उत्तर देणे अवघड गेले असते. तो पुरावा आपल्याच जिल्ह्यात तयार झालेला आहे, आणि बेळगावात राहणाऱ्या फार थोड्या लोकांना त्याची माहिती आहे, याची मला मनापासून खंत वाटते. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक चाचणी घेण्यात आली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 स्त्रिया तिच्यात सहभागी होत्या. बाळ जन्मल्यानंतर निम्म्या स्त्रियांना गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्या देणाऱ्या आणि बाळंतिणीचे रक्त किती गेले हे मोजणाऱ्या होत्या 25 एएनएम. तिथे एकही डॉक्टर नव्हता. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले, आणि जिवावर बेतणाऱ्या तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर उतरले. दर 18 बाळंतिणींना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. हे निष्कर्ष 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत याच कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला. आपल्या खेड्यांतल्या एएनएमनी केलेल्या कामाचा उपयोग जगभरातल्या बाळंतिणींना झाला. त्याच एएनएमना चिठ्ठीवर सही करण्याच्या लायक समजायला आपण अजून तयार नाही.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने 2005 मध्ये एएनएम आणि नर्सना बाळंतपणातील काही जीवरक्षक औषधे देण्याची परवानगी दिली. वार पडताना गर्भाशय आकसण्यासाठीचे औषध, जंतुसंसर्गाची शंका आल्यास प्रतिजैविकाचा पहिला डोस, आणि झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचे 10 ग्रॅमचे इंजेक्शन, निम्मे एका कुल्ल्यात आणि निम्मे दुसऱ्यात, एवढे देऊन तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्याकडे पाठवायचे, असे त्याचे स्वरूप होते. 2018 च्या अखेरीस मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि नर्सना 18 महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफ घडवायचे ठरले. त्याच सुमारास उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, नेमले जाऊ लागले. त्यांतल्या बहुतेक नर्सिंग शिकलेल्या आहेत. पुढे 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या 32 व्या कलमाने डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, आणि अशा परवानाधारकाने प्राथमिक व प्रतिबंधक आरोग्यसेवेपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहावीत, असे म्हटले. त्या कलमाविरुद्ध त्या वर्षीच्या जुलैअखेरीस देशभरातले डॉक्टर संपावर गेले. कलम कायद्यात आहे. त्याच्या आधारावर औषधे लिहून देणारी एखादी नर्स मात्र आमच्या भागात कुठे पाहायला मिळत नाही. परवानग्या अशा तुकड्यातुकड्यांनी, परिपत्रकांमधून आल्या, आणि परिपत्रक बदलले की त्या जातात. अधिकार कायद्याच्या नियमांत लिहिलेला असावा लागतो.

डॉक्टरांच्या विरोधाला केवळ हितसंबंधांची भाषा म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. त्यांच्या आक्षेपांतला सगळ्यात वजनदार आक्षेप असा आहे की औषध देणे सोपे असते, रोग ओळखणे कठीण असते, आणि ओळखण्याचे शिक्षण साडेपाच वर्षांचे असते. या आक्षेपाच्या बाजूनेही बेळगावचाच पुरावा उभा राहतो. मुदतीपूर्वी बाळंत होण्याची चिन्हे दिसणाऱ्या स्त्रियांना बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. हे इंजेक्शन खेड्यापाड्यांतून, खालच्या पातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत अधिक प्रमाणात दिले तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत मोठी चाचणी झाली, आणि भारतातली तिची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’च्या अंकात आलेले तिचे निष्कर्ष धक्का देणारे होते. ज्या लहानखुऱ्या बाळांसाठी हा खटाटोप होता त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे साडेतीनने वाढलेले आढळले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. किती आठवड्यांचा गर्भ आहे हे सोनोग्राफीशिवाय नेमके सांगता येत नाही, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा पुष्कळ स्त्रियांना ते इंजेक्शन मिळाले. पुढे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या मोठ्या दवाखान्यांत झालेल्या चाचणीत त्याच औषधाने बाळे वाचल्याचे दिसले. एकच औषध दवाखान्यात जीव वाचवते आणि अपुऱ्या तपासणीच्या जागी नुकसान करते. आपल्याकडे एएनएमनी हे इंजेक्शन पहिल्या डोसपुरते द्यावे, असा आदेश 2014 मध्ये निघाला होता, म्हणजे हे निष्कर्ष पूर्णपणे पुढे येण्याच्या सुमारासच.

मिसोप्रोस्टॉलची आणि स्टेरॉइडची, या बेळगावातल्या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे अधिकार कुठे द्यावा आणि कुठे देऊ नये याची रेषा आपोआप दिसू लागते. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, रक्तदाब यंत्रावर मोजता येतो, हिमोग्लोबिन बोटाच्या थेंबावर कळते, झटके ओळखायला पुस्तक लागत नाही. ज्या ठिकाणी निदान अशा मोजमापावर उभे आहे आणि उपचाराचा क्रम ठरलेला आहे, त्या ठिकाणी नर्सला अधिकार द्यायला हरकत राहू नये. जिथे निदान सोनोग्राफीवर किंवा रक्ताच्या गुंतागुंतीच्या तपासण्यांवर अवलंबून आहे, तिथे तो देऊ नये. ऑक्सिटोसिनचे उदाहरण घ्यावे. बाळ जन्मल्यानंतर दिलेले हे इंजेक्शन बाळंतिणीचा जीव वाचवते. कळा लवकर याव्यात म्हणून बाळंतपणाआधी बेहिशेबी दिले, तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरते. म्हणून यादीत औषधाचे नुसते नाव असून भागणार नाही, ते कोणत्या क्षणी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत द्यायचे हेही तिथेच लिहिलेले असले पाहिजे.

प्रतिजैविकांबद्दलची भीती मलाही खरी वाटते. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत चालले आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची प्रतिजैविके वेगळ्या नोंदीखाली यावीत म्हणून 2013 मध्ये ‘शेड्यूल एच-1’ तयार करावे लागले. तरीही आमच्या बाजारगावांत ताप आलेल्या माणसाला प्रतिजैविक देतो कोण, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ते देतो मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा, किंवा पाटी नसलेल्या खोलीत बसून सलाईन लावणारा बोगस डॉक्टर. आठवडी बाजाराच्या दिवशी चिकोडी, संकेश्वर किंवा निपाणीतल्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिले, तर तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून चिठ्ठीशिवाय हातात पडताना दिसतात. खेड्यातल्या रुग्णापुढे नर्स की डॉक्टर असा पर्याय क्वचितच असतो. त्याच्यापुढे नर्स आणि काउंटर असे दोन पर्याय असतात. त्यांपैकी नर्सला औषधशास्त्र शिकवलेले असते, तिचे नाव नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत असते आणि तिच्याकडून हिशेब मागता येतो. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना अॅलोपॅथीची औषधे लिहिण्याचा मार्ग खुला केला. तो निर्णय योग्य की अयोग्य हा निराळा विषय आहे, पण चार वर्षे आधुनिक वैद्यकाच्याच चौकटीत शिकलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या पदवीधरेला रक्तदाबाची अॅम्लोडिपिनची गोळी चालू ठेवायलाही दुसऱ्याची सही लागावी, हे त्या पार्श्वभूमीवर पटत नाही.

रक्तदाबाचा विषय निघालाच आहे, तर तो बाळंतपणापेक्षा कमी महत्त्वाचा समजू नये. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचा, वडगाव-शहापूरच्या विणकरांचा, अथणी-कागवाडकडच्या ऊसतोड मजुरांचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाची मजुरी. महिन्याची गोळी घ्यायला डॉक्टरच्या वेळेवर जायचे आणि रांगेत बसायचे, म्हणजे मजुरी बुडवायची. म्हणून गोळी तुटते, आणि काही वर्षांनी घरातला कर्ता माणूस लकवा मारून पडतो. अॅम्लोडिपिन, मग गरजेनुसार टेल्मिसार्टन, असा ठरलेला क्रम राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. निदान एकदा डॉक्टरने केलेले असेल, तर पुढची मोजमापे घेऊन गोळी चालू ठेवणे किंवा ठरलेल्या क्रमाने एक पायरी वाढवणे हे काम नर्स उत्तम करू शकते.

आणखी एक आक्षेप डॉक्टरांपेक्षा सामान्य माणसे अधिक घेतात, आणि मला तो सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो: शहराला डॉक्टर आणि खेड्याला नर्स, अशी दोन प्रतींची सेवा सरकार यातून कायमची करून टाकेल. ही भीती निराधार नाही. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी ‘तिथे नर्स आहे’ असे उत्तर देण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. म्हणूनच हा अधिकार खेड्यापुरता दिलेला तात्पुरता उपाय असता कामा नये. ज्या मिडवाइफने तो मिळवला, तिला तो बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातही वापरता आला पाहिजे आणि शहरातल्या खासगी दवाखान्यातही. ब्रिटनमध्ये हेच झाले. तिथे 1986 च्या समितीने परिचारिकांना औषधे लिहू द्यावीत अशी शिफारस केली, 1992 मध्ये कायदा झाला, 1994 पासून काही ठिकाणी छोट्या यादीवर प्रयोग झाला, आणि 2006 मध्ये पात्र नर्सना आपल्या कौशल्याच्या मर्यादेत जवळजवळ सगळी औषधे लिहिण्याची मुभा मिळाली. वीस वर्षे लागली, डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, आणि तरी यादी पायरीपायरीने वाढत गेली. तो अधिकार गरिबांपुरता नव्हता, म्हणून तो टिकला. आपल्याकडे तेवढी वर्षे लागली तरी चालतील, पण पहिली पायरी कुणीतरी चढली पाहिजे.

आता नर्सची बाजू. या अधिकाराबद्दल खुद्द नर्समध्येच द्विधा मन आहे, आणि बाहेरून पाठिंबा देणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते आधी समजून घेतले पाहिजे. सीएचओ कंत्राटावर आहेत. ज्यांना पुढच्या वर्षी करार वाढेल की नाही याची खात्री नाही, त्यांनी स्वतःच्या सहीने औषध लिहावे आणि नातेवाइकांचा जमाव अंगावर आला तर एकटीने तोंड द्यावे, ही अपेक्षा क्रूर आहे. लसीकरणाच्या, गरोदर नोंदणीच्या, क्षयरोगाच्या आणि मोबाइलवर भरायच्या माहितीच्या ओझ्याखाली ती आधीच दबलेली आहे. चिठ्ठीचा अधिकार मिळाला आणि पगार, संरक्षण, हुद्दा यांत काहीच बदलले नाही, तर तो अधिकार तिच्या डोक्यावर ठेवलेले आणखी एक ओझे ठरेल. असे असूनही मी हा अधिकार मागतो, कारण आजही जोखीम तिचीच आहे. फरक इतकाच की आज त्या जोखमीला कायद्याचे कवच नाही. अधिकार देताना कायम नोकरी, विम्याचे संरक्षण आणि वेगळी वेतनश्रेणी या तिन्ही गोष्टी त्याच आदेशात असाव्यात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची एएनएम, तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली जीएनएम नर्स आणि 18 महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेली मिडवाइफ यांना एकाच यादीत कोंबणेही चुकीचे ठरेल. यादी शिक्षणानुसार वाढत जावी.

औषध हातात आले म्हणजे काम झाले, असे समजण्याचाही मोह टाळला पाहिजे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत 2014 नंतर एएनएम व आशांच्या हाती रक्तदाबाचे यंत्र, रक्तदाब उतरवणाऱ्या मिथाइलडोपाच्या गोळ्या आणि मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाला आवर घालण्याचा प्रयोग झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तो झाला. आईबाळांवरची संकटे त्याने एकंदरीत कमी झाल्याचे दिसले नाही. बाईची वारंवार गाठ पडली पाहिजे, पुढे पाठवलेल्या दवाखान्यात खाट आणि माणूस असले पाहिजे, आणि गाडी वेळेवर आली पाहिजे. हे नसेल तर चिठ्ठी कुणाचीही असो, ती अपुरी पडते.

सीमाभागाची म्हणून एक अडचण वेगळी आहे. निपाणीचा माणूस औषधाला कागल-कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला जातो, आणि चंदगडचा बेळगावला येतो. कर्नाटकाने उद्या आपल्यापुरता नियम केला, तर कर्नाटकातल्या नर्सची चिठ्ठी कोल्हापूरचा दुकानदार मान्य करणार नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय असला तरी औषधे आणि वैद्यकीय व्यवसाय हे दोन्ही समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे बदल 1945 च्या केंद्रीय नियमांतच झाला पाहिजे. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तेव्हा दोन्ही सरकारांत जो वाद पेटला, त्यात आजारी माणूस बाजूलाच राहिला. नर्सच्या चिठ्ठीचे तसे होऊ देऊ नये. औषध कसे घ्यायचे, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, ही सूचना चिठ्ठीवर कन्नडबरोबर मराठीतही छापलेली असावी. खानापुरात नेमणूक झालेल्या कन्नडभाषक सिस्टर मराठीत समजावून सांगण्याची धडपड करताना दिसतात. त्यांच्या तोंडी सांगण्याला छापील आधार मिळाला, तर गोळीच्या चुका निश्चित कमी होतील.

सुरुवात खानापूर आणि निपाणी या दोन तालुक्यांत करावी, असे मला वाटते. एकात जंगल आणि अंतर आहे, दुसऱ्यात मजुरी आणि वेळ यांची ओढाताण. पहिल्या यादीत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची औषधे, झटक्यांसाठीचे इंजेक्शन, रक्तवाढीच्या गोळ्या, जुलाब झालेल्या मुलांसाठी ओआरएस आणि झिंक, गर्भनिरोधक गोळ्या, आणि डॉक्टरने निदान केलेल्या रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवणे एवढेच असावे. प्रतिजैविके जवळजवळ नसावीतच, आणि जी असतील ती पहिल्या डोसपुरती असावीत. प्रत्येक चिठ्ठीची प्रत राहावी आणि दर महिन्याला त्यांतल्या काही चिठ्ठ्या कुणीतरी त्रयस्थाने तपासाव्यात. ही तपासणी आरोग्य खात्याने स्वतःकडे ठेवू नये, कारण नेमणारा आणि तपासणारा एकच असला की चुका फायलीतच राहतात. बेळगावात एक सरकारी आणि एक खासगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या औषधशास्त्राच्या विभागांकडे हे काम सोपवावे, आणि निष्कर्ष दर सहा महिन्यांनी मराठी व कन्नड वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावेत, चुकांसकट.